पाहुण्यांच्या वाटेवरची गल्ली

१८ फेब्रुवारी

तुरतुऱ्या,

मंगळवारी सकाळी मी उशिरा कामावर जायची परवानगी काढली, दाढी केली, तुझ्या वहिनीने इस्त्री करून ठेवलेला पांढरा शर्ट घातला आणि गल्लीच्या तोंडाशी मोठ्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. स्पर्धा कुठे भरवायच्या ते ठरवणाऱ्या परदेशी समितीला घेऊन तुझी बस याच रस्त्याने क्रीडांगणाकडे जाणार, असं तू कळवलं होतंस. बस आली. काचा काळ्या होत्या, आतलं काही दिसेना. तरी मी विमान उतरवणाऱ्या माणसासारखे दोन्ही हात हलवले. बस गेली.

चहावाला मागून म्हणाला, "सुतार, भाऊ ओळखतो ना अजून?"

मी म्हटलं, "तो पलीकडच्या बाजूला बसला असणार."

"असणार, असणार," असं म्हणून त्याने मला चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. ते मला जरा लागलं.

आई नेहमीप्रमाणे दारात खुर्ची टाकून बसली होती. तिला आता रस्ता नीट दिसत नाही, पण आवाजावरून सगळं कळतं. म्हणाली, "बस नवी होती. इंजिन कुरकुरत नव्हतं. माझा मुलगा चांगल्या गाडीतून हिंडतो." तिचं समाधान झालं.

आता एक विचारतो. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर आपलं बोलणं 'जेवलास का' आणि 'ठेवतो मग' यापलीकडे जात नाही, आणि आईला पत्र वाचून दाखवलेलंच आवडतं. या मैदानी स्पर्धा आपल्याकडे व्हाव्यात म्हणून सरकार एवढं जिवाचं रान का करतंय? चहावाला म्हणतो, यात कुणीतरी खातंय. पंक्चरवाला म्हणतो, शेजारच्या देशाने मागे भरवल्या म्हणून आपल्यालाही हव्यात, लग्नात जाऊबाईची साडी बघून हट्ट धरावा तसं. मला दोन्ही पटतं, पण पुरेसं वाटत नाही. तू तिथेच बसतोस. सांग.

वहिनी विचारते आहे, भाऊजी घरी कधी येणार? स्पर्धेसाठी नको, असेच.

दादा


२ मार्च

दादा,

नमस्कार. हो, मी पलीकडेच बसलो होतो.

तुझा प्रश्न मी आमच्या खात्यातल्या तिघांना विचारला आणि तीन उत्तरं मिळाली. एकाने सांगितलं, व्यापार वाढतो, हॉटेलं भरतात. मी आकडे मागितले तर तो चहा मागवायला उठला. दुसरी म्हणाली, मुलं खेळाकडे वळतात. तिसरे आमचे सगळ्यात जुने अधिकारी, निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, "अरे, तो स्टेशनकडचा रस्ता रुंद करा म्हणून मी तरुणपणापासून कागद पाठवतोय. केस गेले, रस्ता तेवढाच. पाहुणे येणार असं नुसतं कळलं आणि मंजुरी आली. आपल्यासाठी आपण काही करत नाही, पाहुण्यासाठी करतो." मला हेच खरं वाटतं.

पण आणखी एक आहे. गेल्या वर्षी मी शिष्टमंडळाबरोबर परदेशी गेलो होतो. जेवताना शेजारच्या गृहस्थाने विचारलं, तुमचा देश कुठे आहे? चांगला माणूस होता, चेष्टा करत नव्हता. मी हातरुमालाएवढ्या कागदावर समुद्र काढला, शेजारचे दोन देश काढले आणि मधे बोट ठेवलं. तो म्हणाला, "अच्छा, ह्यांच्या मधे!" दादा, त्या जेवणाची चव मला आठवत नाही. मंत्रीसाहेब पलीकडे बसून ऐकत होते. परत येताना विमानात त्यांनी स्पर्धांचा विषय काढला.

आता तुझी मदत हवी आहे. समितीपुढे मंत्रीसाहेबांचं भाषण मला लिहायचं आहे. मी लिहिलेलं त्यांनी परत पाठवलं, 'घरातलं वाटलं पाहिजे' असं म्हणून. आपल्या घरी पाहुणे यायचे तेव्हाचं काहीतरी लिहून पाठव. मी तेव्हा फार लहान होतो. तुला सगळं आठवतं.

आईचा खोकला कसा आहे?

तुझा,
तुरतुऱ्या (हे नाव ऑफिसात कुणाला कळलं तर माझी धडगत नाही)


११ मार्च

तुरतुऱ्या,

खोकला गेला. ती म्हणते, औषधाने गेला नाही, कंटाळून गेला.

पाहुण्यांचं आठवायचं म्हटलं की मला गावातले शाळा तपासणीसच आठवतात. तू रांगत होतास. बाबा शाळेचे शिपाई, आणि शाळेजवळचं घर आपलंच, म्हणून साहेबांचा मुक्काम आपल्याकडे ठरला. काय धांदल! बाबांनी भिंती स्वतः रंगवल्या. खुर्ची गुरुजींच्या घरून आली, काचेचे पेले दुकानदाराकडून. जिथे छप्पर गळायचं तिथे खाली आईने ट्रंक ठेवून त्यावर फुलं मांडली, म्हणजे पाणी पडलं तर फुलांवर पडेल. अंगणातलं दार वर्षानुवर्षं कुरकुरत होतं, ते मी तेल घालून गप्प केलं; माझं पहिलं सुतारकाम म्हण. सगळा पसारा मागच्या खोलीत गेला. घर इतकं सुंदर दिसायला लागलं की आई मधेच उभी राहून म्हणाली, "हे आपलंच का गं बाई?"

आणि धाकटा काकाही मागच्या खोलीत गेला. तो तुला आठवणार नाही. वयाने मोठा, मनाने चार वर्षांचा. मोठ्याने हसायचा, आलेल्या माणसाचा हात धरून बसायचा. बाबांनी त्याला ताट वाढून दिलं आणि बाहेरून कडी घातली. जेवताना साहेब काहीतरी विनोद सांगून हसले. ते हसणं ऐकून आतून काकाही हसला, चांगला खदखदून. साहेबांनी विचारलं, आत कोण आहे? बाबा म्हणाले, शेजारचा आवाज येतो कधी कधी. त्यानंतर बाबांनी घास घेतलेला मला दिसला नाही.

साहेबांनी शेऱ्यात घराचं कौतुक लिहिलं. सकाळी बाबांनी कडी काढली तेव्हा काकाने आधी विचारलं, "पाहुणा मला भेटायला आला होता का?"

एवढंच आहे. तुला काय उपयोगी पडेल ते बघ.

दादा


२९ एप्रिल

दादा,

मिळाल्या! स्पर्धा आपल्याला मिळाल्या. पुढच्या जानेवारीत. समितीतल्या एका बाईंनी मुद्दाम येऊन सांगितलं की फुलं आणि ट्रंक ऐकून त्यांना त्यांच्या आजीचं घर आठवलं. मंत्रीसाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. ती थोपटणी खरं म्हणजे तुझी आहे.

घाईत लिहितोय, उद्यापासून श्वास घ्यायलाही परवानगी काढावी लागणार आहे.

तु.


२० ऑगस्ट

तुरतुऱ्या,

तुझं पत्र नाही म्हणजे तू कामात आहेस, असं मी आईला सांगतो. ती म्हणते, "मला माहीत आहे, तू मला नको शिकवू."

ते भाषण आम्ही चहावाल्याच्या टीव्हीवर ऐकलं होतं. मंत्रीसाहेब म्हणाले, "पाहुणे येणार म्हटलं की आपण भिंती रंगवतो, गळक्या छपराखाली फुलं मांडतो, पसारा मागच्या खोलीत नेतो," आणि मी ओरडलो, "अरे, ही तर आमची ट्रंक!" गल्लीने मला डोक्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. काका कुठे येतो याची मी वाट बघितली. तो आला नाही. मनाशी म्हटलं, भाषणाला वेळ ठरलेला असतो.

स्पर्धांमुळे पुष्कळ चांगलं झालं, तेही सांगितलं पाहिजे. मोठा रस्ता थेट स्टेशनपर्यंत रुंद झाला. दिवे लागले. आईला बसमधून दवाखान्यात नेताना आता तिची हाडं मोजली जात नाहीत. तुझ्या जुन्या साहेबांना सांग, त्यांचे केस वाया गेले नाहीत.

पण परवा आमच्या नगरपालिकेच्या सुतारखान्यात इंजिनिअर मॅडम नकाशा घेऊन आल्या. मोठ्या रस्त्याच्या कडेने दीड पुरुष उंचीच्या फळ्यांची भिंत उभारायची आहे, तिच्यावर धावणाऱ्या खेळाडूंची चित्रं. कुठून कुठपर्यंत ते मी बघितलं. बरोबर आपल्या गल्लीच्या तोंडावरून. इकडून तिकडे सलग. गल्लीने मागच्या नाल्याकडून ये-जा करायची. मी विचारलं, हे का? मॅडम म्हणाल्या, "वरून आलंय. मंत्रीसाहेबांचं भाषण ऐकलं नाहीत का तुम्ही? पसारा मागच्या खोलीत."

मला आधी हसू आलं. मग येईना.

काम माझ्याकडेच आहे. गल्लीत कळलंय. पंक्चरवाला काल म्हणाला, "सुतारा, फळी जरा पातळ लाव, आमचा श्वास पलीकडे जाईल एवढी." चहावाल्याचं सगळं गिऱ्हाईक रस्त्याचं, त्याने तर काहीच म्हटलं नाही, आणि तो गप्प बसणारा माणूस नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. दिवसभर ती रस्ता ऐकते. तोच तिचा शेजार आहे.

तुझ्या हातात काही असेल तर बघ. नसेल तर तसं कळव.

दादा


९ सप्टेंबर

दादा,

आईला नमस्कार सांग. माझी तब्येत उत्तम आहे. इथे जेवण वेळेवर मिळतं. नवे बूट घेतलेत, पायाला लागत नाहीत. सगळे लोक चांगले आहेत. वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर ऑफिसात सगळ्यांनी वाखाणला.

(हे दुसरं पान आईला वाचू नकोस.)

माझ्या हातात काही नाही, असं लिहायला बसलो होतो. ते खरं नाही. काही होतं तेव्हा मी वापरलं नाही.

काकाला मीच काढला. भाषण लांबत होतं, हे निमित्त. तो वाचताना मला लाज वाटली, हे कारण. मग 'पसारा मागच्या खोलीत' हे वाक्य सचिवांना इतकं आवडलं की ते बैठकीत, कागदांवर, सगळीकडे यायला लागलं. एक दिवस मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि विचारणा झाली, पाहुण्यांच्या वाटेवर वाईट दिसणारा भाग कोणता? एकाने आपल्या गल्लीवर बोट ठेवलं. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मी म्हणू शकलो असतो की तिथे माझी आई राहते. तिथे कुणालाच माहीत नाही मी कुठला आहे ते. मी पाणी प्यायलो.

आणि बसमध्ये मी पलीकडे बसलो नव्हतो. तुझ्याच बाजूला होतो, खिडकीशी. बाहेरून काळ्या असल्या तरी आतून त्या काचा स्वच्छ दिसतात. पांढरा शर्ट दिसला. शेजारी समितीच्या बाई होत्या, पुढे ज्यांना आजीचं घर आठवलं त्याच. त्यांनी विचारलं, हा माणूस कुणाला हात करतोय? मी म्हणालो, आमच्याकडे लोक सगळ्यांनाच हात करतात.

तू रागावशील तर बरं होईल.


३ ऑक्टोबर

तुरतुऱ्या,

पत्र वाचून झाल्यावर आई म्हणाली, "आणि दुसरं पान?" मी म्हटलं, एकच होतं. म्हणाली, "पाकीट जड होतं." मग थोड्या वेळाने, "असू दे. त्याचा नवा बूट लागतोय, एवढं मला कळलं. न लागणाऱ्या बुटाबद्दल कुणी लिहीत नाही."

मला राग यायला हवा होता. तसा मी प्रयत्नही केला. पण 'आमच्याकडे लोक सगळ्यांनाच हात करतात' हे आठवलं की हसूच येतं. तू खोटंही नीट बोलला नाहीस. पंक्चरवाला रोज रिकाम्या बसलाही हात करतो.

मी बरेच दिवस त्यावर विचार करतो आहे. सकाळी देवापुढे बसतो तेव्हाही तेच मनात येतं. तू कागदावर बोट ठेवून आपला देश दाखवलास, तेव्हा तुला जे झालं तेच सरकारला होत असणार. कुणीतरी लांबून यावं, बघावं आणि 'बरं आहे की' म्हणावं. यात वाईट काही नाही. बाबांनी भिंती रंगवल्या त्यातही वाईट नव्हतं; आम्ही कितीतरी वर्षं त्या रंगात सुखाने राहिलो. चूक कडी घातली तिथे झाली. रंग लावणारा हात आणि कडी घालणारा हात एकच होता, आणि त्या हाताला दोन्ही कामं सारखीच पाहुणचाराची वाटली. देवाचं बरं आहे. त्याला बोलवायला घर आवरावं लागत नाही. तो आला तर आधी मागच्या खोलीतच जाऊन बसेल, असं मला उगाच वाटतं.

तर मी मॅडमकडे गेलो. म्हटलं, भिंत उभी करतो, पण गल्लीसमोर दार ठेवू द्या. त्या म्हणाल्या, "दार नकाशात नाही." मी उभाच राहिलो. मला जास्त बोलता येत नाही, उभं राहता येतं. त्यांनी पुष्कळ वेळ कागद चाळले. मग म्हणाल्या, "आग लागली तर बंब कुठून जाणार? अग्निशमनवाले मला सहीच देणार नाहीत. दोन झडपांचं करा, बंब जाईल एवढं रुंद. आणि बिजागऱ्या चांगल्या वापरा, सरकारी नको." मी दारापर्यंत गेल्यावर मागून हळूच म्हणाल्या, "माझी मावशी राहते अशाच गल्लीत."

दार बसवलं आहे. बाहेरच्या बाजूने चित्र आहे, भालाफेक करणारी मुलगी. दार उघडलं की तिचे दोन भाग होतात आणि मधून आपली आई दिसते. गल्ली माझ्याशी बोलायला लागली आहे. चहावाल्याने पैसे घेतले, बरं वाटलं.

तुझ्यावर कुणी रागावलेलं नाही. जेवत जा.

दादा


६ जानेवारी

दादा,

आज तुझ्याकडे एक मागायचं आहे.

उद्घाटनाच्या सकाळी पाहुण्यांच्या बसेस आपल्या रस्त्याने जाणार. पहिल्या बसमध्ये मंत्रीसाहेब, समितीच्या बाई आणि मी. त्या वाटेवर सगळं नीट दिसण्याची जबाबदारी माझ्या नावावर आहे. पाहणी करणाऱ्यांनी कळवलंय की एका ठिकाणी भिंतीत दार आहे आणि ते दिवसभर उघडं असतं. सचिवांनी मला बोलावून विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, आगीच्या बंबासाठी. ते म्हणाले, बंब येईपर्यंत बंद राहू दे.

परदेशातल्या आपल्या कचेरीत माझी नेमणूक व्हायची आहे. हे एक काम नीट झालं की कागदावर सही होईल. तुला माहीत आहे, लहानपणापासून मला हेच हवं होतं.

दादा, तेवढी सकाळ दार बंद ठेव. बसेस गेल्या की लगेच उघड. मी आजवर तुझ्याकडे असं काही मागितलं नाही. आईला आत बसव, तिला थंडी बाधते असं सांग.

तुझा,
तुरतुऱ्या


१४ जानेवारी, सकाळ

तुरतुऱ्या,

हे पत्र तुला स्पर्धा सुरू झाल्यावर मिळेल. बसेस यायला अजून अवकाश आहे, तोवर लिहून टाकतो. रस्ता धुतलेला आहे, दोन्ही बाजूंना पताका आहेत, आणि खरं सांगतो, फार सुंदर दिसतंय. तुम्ही लोकांनी मेहनत घेतली आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी रोज ठरवलं आणि रोज बदललं. लहानपणी तू कैऱ्या मागितल्यास, मी झाडावर चढलो. शहरात शिकायचं म्हणालास, तेव्हा मी शाळा सोडली, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तू मागावंस आणि मी द्यावं याची मला सवय आहे. काल संध्याकाळी तर मी आईला म्हटलंसुद्धा, उद्या जरा आत बस, थंडी आहे. ती उठली, खुर्ची स्वतः उचलली आणि आत गेली. मागच्या खोलीत नेऊन ठेवली आणि तिथे बसली, भिंतीकडे तोंड करून. थोड्या वेळाने म्हणाली, "पाहुण्यांना माझा आवाज तर नाही ना जाणार? खोकला आलाच तर?"

तुझ्या वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी तोंड धुवायला गेलो.

आज उजाडताच देवाचं नाव घेतलं आणि आधी मॅडमच्या घरी गेलो. त्यांना सांगितलं, मी एक गोष्ट करणार आहे, ती माझी एकट्याची आहे, विचारणा झाली तर सुताराला बोलवा. तुझं नाव त्यांना माहीत नाही आणि मी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "नोकरी जाईल, काका." मी म्हटलं, हात राहतील. त्यांनी मला चहा प्यायला थांबवलं. मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा विचार करत बसलो असतो.

मग आलो, पंक्चरवाल्याला हाक मारली आणि दाराच्या दोन्ही झडपा बिजागऱ्यांवरून उचलून काढल्या. त्या परत बसवायला दोन माणसं आणि निम्मी सकाळ लागेल, आणि तेवढा वेळ आता कुणाजवळ नाही. झडपा उभ्या कुठे ठेवायच्या असा प्रश्न आला. चहावाल्याने विटा आणल्या. दोन्ही झडपा आम्ही रस्त्याच्या कडेला विटांवर आडव्या टाकल्या, चित्र खाली करून, म्हणजे भालावालीवर कुणी बसणार नाही. झकास बाक झाले आहेत. सगळी गल्ली येऊन बसली आहे. पेपरवाली आत्या सगळ्यांना दाटून बसायला सांगते आहे आणि स्वतः ऐसपैस बसली आहे. आई मधे. तिला शाल दिली आहे.

तुझी सही होईल की नाही, मला माहीत नाही. झाली नाही तर मी तुझ्यापुढे मान खाली घालून बसेन, तू हवं ते बोल. पण तुझ्या सांगण्यावरून तिला आत बसवलं असतं, तर ते तुला पुढे कधी पचलं नसतं. बाबांना पचलं नव्हतं. म्हणून तू मागितलेलं मी आज पहिल्यांदा दिलं नाही.

लांबून मोटारसायकलींचा आवाज येतोय. आई म्हणते, मागे नव्या बसेस आहेत, इंजिन कुरकुरत नाही. मी लिहिणं थांबवतो आणि जाऊन तिच्याजवळ बसतो.

दादा